हाताच्या सावलीने जवारी उघडायची: आर्डुइनो आणि प्युअर डेटा जोडताना

गणपतीच्या आराशीसमोर कुणी उभं राहिलं की दिवे उजळावेत, नाटकात नटाने हात उचलला की सूर चढावा, प्रदर्शनातल्या चित्राजवळ गेलं की त्यातून आवाज यावा, अशा कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात असतात. अडतं बहुतेक एकाच जागी. आर्डुइनो या प्रोग्राम चढवता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर दिवा लुकलुकवता येतो, कॉम्प्युटरवर आवाजही काढता येतो, पण या दोघांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं ते कळत नाही. हा लेख त्या मधल्या दुव्याबद्दल आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि ते पूर्ण करू. टेबलावर एक छोटा प्रकाशाचा सेन्सर. कॉम्प्युटरमध्ये तानपुऱ्यासारखा अखंड सूर. सेन्सरवर हात धरला की सूर दबलेला, हात वर नेला की जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या सुरातला झंकार, उघडल्यासारखे त्यातले स्वर एकेक करून बाहेर येतात. सोल्डरिंग करायचं नाही, आणि कोड म्हणाल तर जेमतेम सात-आठ ओळी.

एक सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. हात आणि आवाज यांच्यामध्ये फक्त एक आकडा असतो. तो आकडा आधी डोळ्यांनी बघायचा, त्याच्या सवयी ओळखायच्या, आणि मगच त्याला सुराशी बांधायचं. नवखी मंडळी थेट आवाजाकडे धावतात, आणि मग काही बिघडलं की सेन्सरचा दोष, वायरचा की प्रोग्रामचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

हीच जोडी का

आवाजासाठी आपण प्युअर डेटा वापरणार आहोत. सगळे त्याला पीडीच म्हणतात. मिलर पकेट यांनी 1980 च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स नावाचं सॉफ्टवेअर घडवलं, आणि 1990 च्या दशकात त्याच धर्तीवर मुक्त स्रोत असलेलं पीडी लिहिलं. मॅक्स विकत घ्यावं लागतं, पीडी फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात ओळीमागून ओळ कोड लिहायचा नसतो. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या रेघांनी जोडायच्या. ज्याने कधी मिक्सर आणि स्पीकरच्या वायरी जोडल्या आहेत त्याला हे लगेच जमतं.

आर्डुइनो 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत सुरू झालं, तेही डिझाइनच्या विद्यार्थ्यांना झेपावं म्हणून. इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी नाही, ही अडचण त्याच्या जन्मातच धरलेली आहे, तेव्हा त्या कारणाने थांबू नका.

सामान

आर्डुइनो युनो, किंवा त्याचा क्लोन, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला तसाच बोर्ड. एक एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो तो नागमोडी रेघांचा छोटा सेन्सर. एक 10 किलोओहमचा रेझिस्टर, दुकानात नुसतं 'दहा के' म्हणा. पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी आणि शेवटी सोनेरी. ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायचा भोकांचा बोर्ड, आणि पाच-सहा जंपर वायरी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. एलडीआर दोन-तीन जास्तच आणा, स्वस्त असतात आणि पाय मोडतात.

यूएसबी केबलकडे मात्र नीट बघा. फोन चार्ज करायच्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि कॉम्प्युटरला बोर्ड काही दिसत नाही. बोर्डासोबत आलेली किंवा प्रिंटरची केबल घ्या.

पहिली पायरी: तीन तारा

एलडीआरचा एक पाय युनोच्या 5 व्होल्टला. दुसरा पाय ब्रेडबोर्डच्या एका ओळीत. त्याच ओळीत 10 किलोओहमच्या रेझिस्टरचा एक पाय, आणि रेझिस्टरचा दुसरा पाय ग्राउंडला. आता एलडीआर आणि रेझिस्टर जिथे भेटतात त्या ओळीतून एक वायर ए-शून्य या पिनला न्या. झालं.

याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. युनोला विरोध मोजता येत नाही, त्याला व्होल्टेज मोजता येतं. म्हणून 5 व्होल्टची दोघांत वाटणी करायची. प्रकाश वाढला की एलडीआरचा विरोध घटतो, मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज वाढतं, आणि युनो 0 ते 1023 या पट्टीवर मोठा आकडा सांगतो. एलडीआर आणि रेझिस्टर यांच्या जागा बदलल्या तर फक्त दिशा उलटी होते, काही जळत नाही.

दुसरी पायरी: आकडा बघा

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल, एक्झाम्पल्स, बेसिक्स असं जात 'अॅनालॉग रीड सिरियल' हे तयार उदाहरण उघडा. टूल्समध्ये बोर्ड म्हणून युनो आणि योग्य पोर्ट, म्हणजे बोर्ड ज्या वाटेने कॉम्प्युटरशी बोलतो ती, निवडा, अपलोड करा. मग बोर्डाकडून येणारं दाखवणारी सिरियल मॉनिटर ही खिडकी उघडा. आकड्यांची रांग धावू लागेल.

आता घाई करू नका. सेन्सरवर तळहात अगदी टेकवा आणि आकडा कागदावर लिहा. हात एक वीत वर धरा, लिहा. हात पूर्ण काढा, लिहा. खोलीतला दिवा बंद-चालू करून पुन्हा लिहा. समजा हात टेकवल्यावर 160 च्या आसपास आणि हात काढल्यावर 760 च्या आसपास येतंय. तर 0 ते 1023 ही पट्टी कागदावरची, तुमची खरी पट्टी 160 ते 760. हे दोन आकडे तुमच्या खोलीचे, तुमच्या दिव्याचे. लेखातले आकडे जसेच्या तसे उतरवलेत तर तानपुरा मुका राहायची शक्यता जास्त.

त्याच मेन्यूत सिरियल प्लॉटर आहे. तो आकड्यांऐवजी आलेख काढतो. हात हळू वर-खाली करून रेघ कशी वळते ते बघा. हात सेन्सरजवळ असताना रेघ झपकन चढते, लांब गेल्यावर जेमतेम हलते. प्रकाशाचा हा स्वभाव आहे, अंतर आणि आकडा सारख्या चालीने चालत नाहीत. वाजवताना हाताला ते आपोआप कळतं, फार गणित करायची गरज नाही.

तिसरी पायरी: अक्षरांऐवजी बाइट

या उदाहरणातली 'प्रिंटलाइन' ही आज्ञा आकडा माणसाला वाचता यावा म्हणून पाठवते. 760 पाठवायचं तर ती 7, 6 आणि 0 या अक्षरांचे तीन संकेत आणि ओळ संपल्याचे दोन, असे पाच बाइट धाडते. पीडीला हे थेट जोडलंत तर तिथे 760 दिसणार नाही. 48 ते 57 मधले आकडे आणि मध्येमध्ये 13, 10 असा गोंधळ दिसेल, कारण 0 ते 9 या अंकांचे संकेतांक 48 ते 57 आहेत आणि 13 व 10 ही ओळ संपल्याची खूण. कधी पीडीत असा नाच दिसला तर सेन्सरला हात लावू नका, आर्डुइनोत 'प्रिंटलाइन' राहून गेलंय एवढंच.

आपल्याला हवी 'सिरियल राइट' ही आज्ञा. ती एका वेळी एकच बाइट पाठवते, म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा. म्हणून वाचलेल्या किमतीला 4 ने भागा आणि भागाकार 'सिरियल राइट'ने पाठवा. शेवटच्या डीलेमध्ये, म्हणजे किती मिलिसेकंद थांबायचं त्या आज्ञेत, 1 ऐवजी 20 लिहा. आता युनो सेकंदाला जवळपास 50 बाइट पाठवेल. उदाहरणातला वेग 9600 आहे, त्यातून सेकंदाला 960 बाइट जाऊ शकतात, तेव्हा रस्ता अगदी मोकळा आहे.

अपलोड करा आणि सिरियल मॉनिटर बंद करा. पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. मॉनिटर उघडा असेल तर पीडीला तो मिळणार नाही, आणि पीडीने धरून ठेवला असेल तर नवा प्रोग्राम अपलोड होणार नाही. कार्यशाळेत 'चालत नाही' म्हणून वर होणाऱ्या हातांपैकी बरेचसे इथलेच असतात.

चौथी पायरी: पीडीत आकडा आणा

चौकटींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती रोमन लिपीत, सगळी छोट्या अक्षरांत लिहायची. काही नावांपुढे ~ हे चिन्ह आहे, ते कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सापडतं. ते असलं की त्या चौकटीतून ध्वनी वाहतो, नसलं की सुटे आकडे.

आधी मीडिया मेन्यूतली ऑडिओ चाचणी करून स्पीकरमधून आवाज येतोय याची खात्री करा. मग हेल्प मेन्यूत (नव्या आवृत्तीत टूल्स मेन्यूत) 'फाइंड एक्स्टर्नल्स' उघडा, 'कॉमपोर्ट' शोधा आणि इन्स्टॉल करा. पीडी सिरियल पोर्टशी बोलतं ते याच्यामार्फत.

नवा पॅच, म्हणजे चौकटी मांडायचं कोरं पान, उघडा. कंट्रोल आणि 1 दाबलं की रिकामी चौकट येते, तिच्यात 'कॉमपोर्ट' लिहा. कंट्रोल आणि 2 ने संदेशाची चौकट येते, तिच्यात 'डिव्हायसेस' लिहून ती कॉमपोर्टच्या वरच्या टोकाला जोडा. कंट्रोल आणि ई दाबून मांडणीतून बाहेर या आणि त्या संदेशावर क्लिक करा. पीडीच्या मुख्य खिडकीत पोर्टची यादी येईल. त्यात तुमच्या बोर्डाचा क्रमांक बघा. समजा 3 आहे, तर 'ओपन 3' असा आणखी एक संदेश करून जोडा, आणि 'क्लोज' असा तिसरा. हा तिसरा विसरू नका, पुन्हा अपलोड करताना पोर्ट सोडवायला तोच लागतो.

कंट्रोल आणि 3 ने आकड्याची चौकट आणा आणि कॉमपोर्टच्या खालच्या डाव्या टोकाला जोडा. 'ओपन 3' वर क्लिक करा. पोर्ट उघडला की युनो एकदा रीसेट होतो, म्हणून दोनेक सेकंद काहीच दिसत नाही. मग आकडा हलू लागतो. हात टेकवा, 40 च्या आसपास यायला हवा. काढा, 190 च्या आसपास. 160 आणि 760 ला 4 ने भागलं की हेच येतं, म्हणजे जोडणी खरी आहे. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, पुढचं सगळं हौसेचं.

पाचवी पायरी: आकड्याला वळण लावा

आता 40 ते 190 ही पट्टी आपल्याला हव्या त्या पट्टीवर न्यायची. आकड्याच्या चौकटीखाली एकाखाली एक अशा चौकटी जोडा: '- 40', मग '/ 150', मग 'क्लिप 0 1', मग '* 1000', मग '+ 200'. चिन्ह आणि आकडा यांच्यामध्ये मोकळी जागा हवीच. '/150' असं चिकटवून लिहिलंत तर चौकटीची किनार तुटक राहते, म्हणजे पीडीला ते कळलं नाही.

वजाबाकी आणि भागाकार झाल्यावर पट्टी 0 ते 1 होते. 'क्लिप' चौकट आकड्याला या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. कुणी मोबाइलचा टॉर्च सेन्सरवर मारला तरी सूर किंचाळायला नको, त्यासाठी ती आहे. आणि प्रदर्शनात कुणीतरी टॉर्च मारतंच. शेवटी पट्टी 200 ते 1200 अशी येते. ही आपली हर्ट्झमधली, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याची पट्टी, सहाव्या पायरीतला फिल्टर तिच्यावरून फिरेल.

पण हे आकडे सेकंदाला 50 वेळा उड्या मारत येतात आणि ध्वनीला उड्या सोसत नाहीत, टरटर ऐकू येते. म्हणून '+ 200' च्या खाली 'पॅक 0 50' आणि त्याखाली 'लाइन~' जोडा. 'पॅक' प्रत्येक आकड्याला 50 ची जोड देतं, आणि 'लाइन~' त्याचा अर्थ 'या किमतीपर्यंत 50 मिलिसेकंदांत सरकत जा' असा घेतं. पुढच्या पायरीत सूर लागला की 50 च्या जागी 500 लिहून बघा, सूर आळसावल्यासारखा हाताच्या मागून येतो. ही किंमत कानाने ठरवायची. नाटकात संथ हालचालीला मला मोठी किंमत आवडते, लहान मुलांच्या खेळात अगदी लहान.

सहावी पायरी: सूर

षड्ज काळी एक धरू. खर्जाच्या बाजूचा तो सा 138.6 हर्ट्झ येतो. तीन चौकटी करा: 'फेझर~ 138.6', 'फेझर~ 139', 'फेझर~ 103.95'. फेझरची स्पेलिंग पी-एच-ए-एस-ओ-आर. पहिल्या दोन षड्जाच्या तारा, मुद्दाम किंचित वेगळ्या. दोघींत 0.4 हर्ट्झचा फरक आहे म्हणून सूर दर अडीच सेकंदांनी एकदा डोलतो. दोन्ही तंतोतंत 138.6 केल्या तर तो डोल जातो आणि उरतो तो फ्रिजचा आवाज. तिसरी मंद्र पंचमाची, 138.6 ची पाऊणपट.

तिन्ही एका '*~ 0.1' चौकटीत सोडा, पीडी त्यांची बेरीज आपोआप करतं. त्याखाली 'हिप~ 5' लावा, तो ध्वनीतला निरुपयोगी स्थिर भाग काढून टाकतो. आता 'व्हीसीएफ~ 15' ही चौकट करा. हा फिल्टर आहे. त्याच्या वरच्या डाव्या टोकाला 'हिप~' मधून येणारा ध्वनी, मधल्या टोकाला पाचव्या पायरीतली 'लाइन~'. 15 हा आकडा फिल्टर किती अरुंद ते सांगतो.

शेवटी ध्वनी बाहेर काढणारी 'डॅक~' चौकट, स्पेलिंग डी-ए-सी. तिची वरची दोन टोकं म्हणजे डावा आणि उजवा स्पीकर. व्हीसीएफच्या डाव्या टोकाचा ध्वनी एका '*~ 0.5' मधून दोन्हींना द्या. 'हिप~' मधला मूळ सूरही '*~ 0.3' मधून तिथेच द्या, म्हणजे पाठीमागे भरीव सूर राहील. हेडफोन कानावर असेल तर काढून ठेवा, आवाज कमी करा, आणि कंट्रोल व तिरकी रेघ दाबून ध्वनी सुरू करा. बंद करायला कंट्रोल आणि पूर्णविराम.

हात सेन्सरवरून सावकाश उचला. फेझरच्या ध्वनीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या वारंवारता असतात आणि अरुंद फिल्टर त्यांतली एकेक निवडून मोठी करतो. 277 हर्ट्झला वरचा षड्ज येतो, 416 ला पंचम, 554 ला पुन्हा षड्ज. 693 हर्ट्झला, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपटीला, गंधार लागतो. तारेवर गंधार कुणी छेडलेला नसतो तरी चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून तो ऐकू येतो, तोच हा स्वयंभू गंधार. 200 ते 1200 या पट्टीत 693 जवळजवळ मध्यावर पडतो, त्यामुळे आकडा निम्म्यावर आला की तो कानात उभा राहतो. मधेच 520 च्या आसपास निषादही डोकावतो, तो पंचमाच्या तारेचा पाचपट.

हा काही मिरजेच्या कारागिरांच्या हातचा तानपुरा नव्हे. खऱ्या वाद्यात घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा हे काम करतो, आणि तिथे प्रत्येक छेडीसोबत सगळे स्वर खुलत जातात. पण जवारी उघडणं म्हणजे ध्वनीत काय होतं, हे स्वतःच्या हाताने एकेक स्वर सुटा करत ऐकायला मिळतं. संगीत शिकणाऱ्या मुलांना हे दाखवून बघा.

ट्यूबलाइटचा त्रास

दिवसा खिडकीपाशी सगळं सुरेख चालतं आणि संध्याकाळी दिवे लागले की सूर आपोआप हेलकावे खाऊ लागतो. हात तर स्थिर आहे. आकडा बघा, तोही सावकाश वर-खाली होतोय.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबा आणि बरेचसे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, एलडीआरला थोडंफार कळतं. आपण सेकंदाला 50 च्या आसपास वेळा वाचतो, म्हणजे दर वेळी त्या लुकलुकीतला जवळपास तोच क्षण पकडतो, पण अगदी तोच नाही. तो थोडाथोडा सरकत जातो आणि त्या सरकण्याची संथ लाट तयार होते.

इलाज आर्डुइनोत करायचा. एकदा वाचण्याऐवजी लागोपाठ 100 वेळा वाचा आणि सरासरी काढा. युनोला एका वाचनाला सुमारे 0.11 मिलिसेकंद लागतं, तेव्हा 100 वाचनांना 11 च्या आसपास, म्हणजे लुकलुकीचा एक पूर्ण फेरा सरासरीत येतो आणि लाट बरीचशी विरते. डीलेमध्ये 20 ऐवजी 9 लिहा म्हणजे एकूण वेळ तेवढाच राहील. एक खाच आहे. बेरजेसाठीचं व्हेरिएबल 'इंट' ठेवू नका, 'लाँग' ठेवा. युनोवर 'इंट' 32767 पर्यंतच जातं, आणि 100 वाचनांची बेरीज लाखापर्यंत पोचू शकते. मर्यादा ओलांडली की आकडा अचानक ऋण होतो, आणि उजेड वाढवला की सूर खाली कोसळतो.

खोली रोज बदलणार असेल तर अॅनालॉग विभागातलं 'कॅलिब्रेशन' हे तयार उदाहरण बघा. त्यात बोर्ड पहिले पाच सेकंद सेन्सरची किमान आणि कमाल किंमत स्वतः नोंदवतो. त्या पाच सेकंदांत हात एकदा टेकवून पूर्ण उचलायचा, मग 40 आणि 190 हाताने बदलत बसावं लागत नाही.

दुसरा सेन्सर लावायचा तर

एक सेन्सर असताना येणारा प्रत्येक बाइट त्याचाच असतो. दोन झाले की कुठला कुणाचा हा प्रश्न येतो. सोपी युक्ती अशी: दोन्ही वाचनांना 4 ऐवजी 8 ने भागा, म्हणजे दोन्ही 0 ते 127 मध्ये येतील. दुसऱ्यात 128 मिळवा आणि मग पाठवा. पीडीत कॉमपोर्टखाली 'मोझेस 128' ही चौकट लावा. ती 128 पेक्षा लहान आकडे डावीकडून आणि बाकीचे उजवीकडून सोडते. उजवीकडच्यातून 128 वजा करा. मधला एखादा बाइट हरवला तरी पुढचा आपली ओळख स्वतःच सांगतो, म्हणून गाडी रुळावरून घसरत नाही. पट्टी निम्मी होत असल्यामुळे पाचव्या पायरीतले 40 आणि 150 हेही निम्मे करा. तीन-चार सेन्सर हवे असतील तेव्हा ही युक्ती अपुरी पडते. तिथे ओळीत स्वल्पविरामांनी आकडे पाठवा, किंवा बोर्डावर 'स्टँडर्ड फर्माटा' हा तयार प्रोग्राम चढवा. फर्माटा 57600 वेगाने चालतो आणि बोर्डाच्या सगळ्या पिना कॉम्प्युटरच्या ताब्यात देतो, पीडीसाठी त्याची पीड्युइनो ही जोडणी आहे. काही जण पहिल्याच दिवशी फर्माटा शिकवतात. माझं मत वेगळं आहे. तो चालला तर उत्तमच, पण अडला तर नवख्याला आत बघायला काहीच नसतं.

उलट दिशा: सुरावर दिवा

कम्युनिकेशन विभागातलं 'डिमर' उदाहरण बोर्डावर चढवा आणि पिन 9 ला 220 ओहमच्या रेझिस्टरमधून एक एलईडी लावा. बोर्डाला जो बाइट मिळेल तेवढा दिवा उजळतो. पीडीत 'एन्व्ह~' ही चौकट ध्वनीची पातळी 0 ते 100 डेसिबलमध्ये सांगते. तिला वर केलं तसंच वजाबाकी-गुणाकाराने 0 ते 255 वर न्या, 'क्लिप 0 255' आणि 'इंट' लावा, आणि कॉमपोर्टच्या वरच्या टोकाला सोडा.

एलईडीपर्यंत ठीक. युनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नका. मोटर किंवा बारा व्होल्टची पट्टी थेट पिनवर लावायची नाही, मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर हवा, वेगळा पुरवठा हवा, आणि दोन्हींचं ग्राउंड जोडलेलं हवं. रंग बदलणाऱ्या डब्ल्यूएस 2812 पट्टीतला एकेक दिवा पूर्ण पांढरा असताना 60 मिलिअँपिअरपर्यंत खातो. 100 दिव्यांची माळ म्हणजे 6 अँपिअर, यूएसबीचं ते काम नाही. आणि आराशीतल्या 230 व्होल्टच्या झुंबराला रिले लावायचा मोह झाला तर तेवढं काम वायरमनकडून करून घ्या.

अडलं तर या क्रमाने बघा

यादीत पोर्टच दिसत नाही: केबल बदला. तरीही नाही आणि बोर्ड क्लोन आहे: त्यावर बहुधा सीएच 340 ही चिप असते, तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घाला. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही: उबुंटू किंवा डेबियन असेल तर आपलं खातं 'डायलआउट' गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा या. आकडा येतो पण हात हलवून बदलत नाही: एलडीआर आणि रेझिस्टर ब्रेडबोर्डच्या एकाच ओळीत आहेत ना ते बघा, शेजारच्या ओळीत पाय गेलेला असतो. आकडा नीट, आवाज नाही: कंट्रोल आणि तिरकी रेघ. आवाज तडतडतो: मीडियाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डीले वाढवा. हात आणि आवाज यांच्यात अंतर पडतं: तोच डीले तडतड सुरू होईपर्यंत कमी करत जा आणि मग एक पायरी मागे या.

प्रदर्शनात लावून ठेवायचं तर

दिवसभर कुणी माहीतगार शेजारी बसणार नसेल तर पॅच स्वतःहून सुरू व्हायला हवा. 'लोडबँग' ही चौकट पॅच उघडताक्षणी एक ठोका देते. तो 'डिले 2000' मधून 'ओपन 3' या संदेशाला द्या. ध्वनी सुरू करायला आणखी एका संदेशात आधी अर्धविराम आणि मग 'पीडी डीएसपी 1' लिहा, त्यालाही तोच ठोका जोडा. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर हा पॅच आपोआप उघडेल असं लावा, स्क्रीनसेव्हर आणि स्लीप बंद करा, आणि केबल बोर्डाजवळ चिकटपट्टीने टेबलाला पक्की बसवा. दुपारी वीज जाऊन आली तरी शिपाईकाकांना फक्त बटण दाबावं लागेल.